अकरा पगारांची दिवाळी आणि तेरा पगारांची दिवाळी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरात "बोनस गेला कुठे?" हा प्रश्न हमखास निघतो. विचारणारे बहुधा माझे पती असतात आणि त्यांचा सूर असा असतो, की जणू बोनस कुणीतरी खिडकीतून उचलून नेला. मी स्वतः एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात गेली 19 वर्षे काम करते, दिवसभर दुसऱ्यांची खतावणी जुळवते आणि संध्याकाळी डोंबिवलीच्या लोकलमधून घरी येताना मला आठवत नाही की सकाळी पाकिटात किती होते. त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी अंमळ जास्तच लागतो.

अखेर 2023 च्या गणपतीत मी 200 पानी वही घेतली आणि ठरवले की, गणपतीपासून रथसप्तमीपर्यंत सणावारी जो पैसा जाईल तो आणि तेवढाच या वहीत लिहायचा. दूध, वीज, शाळेची फी, कर्जाचा हप्ता यांना या वहीत प्रवेश नाही. रथसप्तमीपर्यंत अशासाठी, की आमच्याकडे सणांचा हंगाम दिवाळीला संपत नाही. नाताळच्या सुट्टीतला प्रवास, 31 डिसेंबर, मग संक्रांतीचे वाण आणि हळदीकुंकू, आणि हे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. फेब्रुवारी 2024 मध्ये बेरीज केली. राजापूरजवळच्या गावी गणपतीला जाणे-येणे, आरास, नैवेद्य, भजनाला येणाऱ्यांचा चहा-उसळ मिळून 31,400 रुपये. दसरा-दिवाळीचे कपडे 18,750. फराळाचा किराणा 7,200. पोस्त, म्हणजे कामाच्या माणसांची दिवाळीची बक्षिसी, 4,500. ओवाळणी, भाऊबीज आणि नातलगांच्या भेटी 12,300. वर्षअखेरची सहल 22,600. संक्रांत 3,100. एकूण 99,850 रुपये, म्हणजे दीडशे रुपयांनी लाख हुकले. त्या वर्षी आम्हा दोघांच्या बोनसमधून कर वजा होऊन हातात आले होते 41,000.

ती बेरीज पाहून पती बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "अगं, यात चुकीचा एकही खर्च नाही." मला तेव्हा त्यांचा राग आला होता, पण ते बरोबर बोलत होते. उधळपट्टी म्हणावी असे त्या यादीत फारसे काही नव्हते. आमची चूक वेगळीच होती: वर्षातला सर्वांत निश्चित खर्च आम्ही दरवर्षी आकस्मिक संकटासारखा अंगावर घेत होतो. दवाखान्याचे बिल कधी येईल ते सांगता येत नाही, पण गणपती कोणत्या तारखेला येणार हे दिनदर्शिकेत छापून भिंतीवर टांगलेले असते.

बोनस या शब्दाचाच आपल्या मनावर परिणाम होतो, असे माझे मत आहे. वरकमाई, अचानक मिळालेली, म्हणून अचानकच खर्चायची, असा तो शब्द वाजतो. त्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कापडगिरण्यांना भरपूर नफा झाला आणि त्यातून त्या कामगारांना बोनस देऊ लागल्या. पुढे धंदा मंदावला तसा 1923 साठीचा बोनस नाकारण्यात आला आणि 1924 च्या सुरुवातीला गिरण्या संपाने बंद पडल्या. तेव्हाच्या चौकशी समितीने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही असाच निष्कर्ष काढला होता. हक्क कागदावर यायला 1965 चा बोनस कायदा उजाडावा लागला. त्यात किमान 4 टक्के आणि कमाल 20 टक्के अशा मर्यादा आल्या आणि किमान मर्यादा पुढे 8.33 टक्के झाली. 8.33 टक्के हा आकडा विचित्र दिसतो, पण तो वर्षाचा बारावा भाग आहे, म्हणजे एक पगार. हिशेबी वर्ष संपल्यावर आठ महिन्यांच्या आत बोनस द्यावा, असे त्या कायद्याने सांगितले. मार्चअखेर वर्ष संपले तर ही मुदत 30 नोव्हेंबरला संपते आणि दिवाळी त्या मुदतीच्या आत अगदी सोयीने बसते. तो कायदा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत विलीन झाला आहे. सांगायचे एवढेच की, दिवाळीत हाती येणारा बोनस हा सरलेल्या वर्षाच्या कामाचा, उशिरा मिळालेला मोबदला आहे. आमच्या घरी तो येण्याआधीच खर्च झालेला असायचा आणि आल्यावर पुन्हा एकदा खर्च व्हायचा, हा खरा घोळ होता.

तेव्हा मी बेरजेला बाराने भागले. 99,850 भागिले 12, म्हणजे साधारण 8,300 रुपये दरमहा. हे पैसे पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात टाकायचे, त्या खात्याचे डेबिट कार्ड घ्यायचेच नाही आणि बोनसला हात लावायचा नाही. सुरुवात फेब्रुवारीतच करायला हवी होती, पण शुभस्य शीघ्रम् हे फक्त बोलायला. मी मुहूर्त धरला तो बलिप्रतिपदेचा, 2 नोव्हेंबर 2024 चा. व्यापारी लोक लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करतात आणि पाडव्याला नवी वही सुरू करतात, तर घराचे वर्षही तिथूनच मोजावे, असा सुंदर विचार त्यामागे होता. त्या पहिल्या हिवाळ्यातला नाताळ-संक्रांतीचा खर्च पगारातूनच भागवला.

आणि तरीही 2025 च्या दिवाळीला खात्यात एक हप्ता कमी निघाला. मी तीन वेळा पासबुक तपासले. एकही महिना चुकवला नव्हता. 8,300 चे अकरा हप्ते, 91,300 रुपये. बारावा हप्ता गेला कुठे?

तो गेला होता पंचांगात. पगार इंग्रजी महिन्याप्रमाणे चालतो आणि सण तिथीप्रमाणे येतात, ही गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते, पण घराच्या हिशेबात ती कुणी धरत नाही. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचे, म्हणजे सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. 2024 चे लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला झाले, ऑक्टोबरचा पगार जमा झाल्यावर. 2025 चे आले 21 ऑक्टोबरला, ऑक्टोबरचा पगार होण्यापूर्वी. या दोन दिवाळ्यांमध्ये महिनाअखेरीला होणारे पगार मोजले तर नोव्हेंबर ते सप्टेंबर असे फक्त अकरा भरतात. त्यातही 2025 मध्ये गणेशचतुर्थी 27 ऑगस्टला होती. चतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंतच्या 55 दिवसांत, ज्या काळात आमच्या घराचा दोन तृतीयांशाहून अधिक सणखर्च होतो, पगार पडले दोनच. गेल्या दिवाळीत सगळ्यांनाच हात आखडल्यासारखा का वाटत होता, याचे एक कारण महागाई असेलही, पण दुसरे असे तिथी-तारखेचे होते. काही कंपन्यांनी ऑक्टोबरचा पगार दिवाळीपूर्वी दिला आणि कर्मचाऱ्यांनी पेढे वाटल्यासारखे त्यांचे आभार मानले, पण त्या घरांतून नोव्हेंबर हा चाळीस दिवसांचा महिना झाला.

आता उलट बाजू. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. 17 मे ते 15 जून. त्यामुळे पुढचे सगळे सण पुढे सरकतात: गणेशचतुर्थी 14 सप्टेंबरला, दसरा 20 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. गेल्या लक्ष्मीपूजनापासून या लक्ष्मीपूजनापर्यंत 383 दिवस आणि पगार तेरा. ऑक्टोबर 2025 चा पगार दिवाळीनंतर आला आणि ऑक्टोबर 2026 चा दिवाळीआधी येईल. वाढत्या भावांचा विचार करून मी यंदाचा सणखर्च 1,10,000 धरला आहे. अकरा पगारांचे वर्ष असते तर दरमहा 10,000 काढावे लागले असते. तेरा पगारांच्या वर्षात 8,461 पुरतात. फरक दरमहा दीड हजाराचा आहे आणि तो कुठल्याही व्याजदराने भरून निघणारा नाही.

मात्र इथे मोह आहे. यंदा सोपे जाते आहे म्हणून हप्ता कमी केला, की 2027 अंगावर येईल, कारण तेव्हा लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे आणि पुन्हा पगार अकराच. तेरा आणि अकरा मिळून चोवीस, म्हणजे दोन दिवाळ्यांना मिळून सरासरी बाराच. म्हणून मी हप्ता 9,200 वर ठेवला आहे आणि नोव्हेंबरात जे उरेल ते "शिल्लक" या नावाने पुढच्या वहीत ओढणार आहे. हे उरलेले पैसे पाहून घरात टीव्हीचा विषय निघणार, याची मला खात्री आहे. 22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्याच दिवशी, 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून तो विषय आमच्याकडे अधूनमधून निघतोच. करकपात खरी आहे. पण ज्या वस्तूची गरज नव्हती तिच्यावरचा कर कमी झाल्याने तिची गरज निर्माण होत नाही, एवढे मी जेवताना दोनदा सांगून झाले आहे.

टीव्हीच्या बाबतीत मी कठोर का, त्याला कारण आहे. 2022 च्या दिवाळीत आम्ही क्रेडिट कार्डावर फ्रिज, मुलाचा मोबाइल आणि बरेच किरकोळ असे मिळून 46,000 रुपयांचे देणे केले. बिल आले तेव्हा खात्यात तेवढे पैसे नव्हते. बिलावर ठळक अक्षरांत "किमान देय रक्कम" म्हणून 2,300 रुपये लिहिले होते. हिशेब विभागातली बाई असून मी ते 2,300 भरले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के होते, म्हणजे वर्षाला 42. उरलेल्या 43,700 वर एका महिन्याचे व्याज दीड हजाराच्या वर आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, मिळून 1,800. हे निदान गणित करून समजते. न समजलेली गोष्ट अशी होती की, संपूर्ण बिल भरले नाही तर बिनव्याजी मुदतच संपते: जुन्या खरेदीवर व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते आणि त्यानंतर त्या कार्डावर घेतलेल्या भाजीलाही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. आम्ही मात्र डिसेंबरात गोव्याचे हॉटेल त्याच कार्डावर घेतले. ते देणे एप्रिलमध्ये, पतीच्या वार्षिक प्रोत्साहन रकमेतून फिटले. ऋण काढून सण करू नये हे आजी सांगायची, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर सावकार असे. आमचा सावकार प्लास्टिकचा होता आणि खरेदीच्या वेळी वर गुणही देत होता.

"नो कॉस्ट ईएमआय" बद्दलही दोन शब्द. दुकानदार व्याजाएवढी सूट देतो आणि बँक व्याज लावते, म्हणून बेरीज शून्य दिसते. पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपणच भरतो, आणि रोख घेतले असते तर मिळाली असती ती सूट बहुतेक वेळा जाते. रक्कम लहान असते हे खरे. माझा आक्षेप वेगळा आहे: सहा महिन्यांचा हप्ता दिवाळीत सुरू झाला की तो एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे जानेवारी ते मार्च या पगारातून कर कापला जाण्याच्या आणि फीच्या महिन्यांतून तो आपल्याबरोबर चालत राहतो.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना हे सगळे माझ्या आधी ठाऊक होते. दिवाळीला एक पगार जास्त द्यायचा हा आमच्या सोसायटीतला रिवाज आहे आणि मावशी पाच घरी काम करतात. ते पैसे त्या घरी नेतच नाहीत. त्यांची बारा जणींची भिशी आहे, महिना 2,000 रुपयांची. चिठ्ठ्या काढायच्या असतात, पण कुणाला कधी गरज आहे हे सगळ्यांना माहीत असते. ज्येष्ठात शाळा सुरू होणाऱ्या मुलांच्या आया आधी, घरी गौरी असणाऱ्या भाद्रपदात, असे आपसांत ठरते. मी त्यांना एकदा शहाणपणाने म्हणाले, "मावशी, यात तुम्हाला व्याज कुठे मिळतं?" त्यावर त्यांनी पोळी लाटता लाटता सांगितले, "ताई, व्याज नाही मिळत, पण माझे पैसे माझ्या घरातल्या माणसांना दिसत नाहीत." यापुढे मी काय बोलणार? भिशीत बोली लावून रक्कम उचलण्याचा प्रकार असतो, त्यात जोखीम पुष्कळ असते, आणि अनोळखी माणसाने चालवलेल्या नोंदणी नसलेल्या योजनांत पैसे बुडालेली माणसे प्रत्येक गल्लीत सापडतील. मावशींची भिशी मात्र बारा जणी एकाच चाळीत राहतात, एवढ्या तारणावर चालते.

पोस्त हा खर्च लोक विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिते. पहारेकरी, सफाई कामगार, इस्त्रीवाला, पेपरवाला मुलगा, टपाल आणणारे काका. ही पाकिटे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घाईने भरली की जी नोट हाताला लागेल ती जाते आणि मग पेपरवाल्याला 500 आणि सफाई करणाऱ्या बाईंना 200 असा अन्याय होतो. मी आता नावे वहीत लिहून ठेवते आणि बँकेतून कोऱ्या नोटा आधी आणते. हा खर्च कमी करण्याच्या बाजूची मी नाही. काटकसरीची सुरुवात नेहमी दुसऱ्याच्या पाकिटापासून का होते, हे मला कधी कळलेले नाही.

सोन्याचे काय करायचे, यावर आमच्याकडे एकमत नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धा. सासूबाईंच्या मते प्रत्येकाला निदान मणीभर सोने घरात यावे. 2025 च्या धनत्रयोदशीला 10 ग्रॅमचा भाव सव्वा लाखाच्या वर होता आणि मण्याची कल्पनाही महाग झाली होती. दागिन्यावर घडणावळ जाते, 3 टक्के जीएसटी जातो आणि विकताना घडणावळ परत मिळत नाही, हे मी सांगते. त्या म्हणतात, "अडीनडीला तुझी वही गहाण ठेवतील का?" सराफाच्या अकरा हप्त्यांच्या योजनेत मी एकदा पैसे भरले आहेत. ती योजना अकराच महिन्यांची का असते, याचे कारण मला नंतर समजले: मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालात वळती झाली नाही तर कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे ती ठेव ठरू शकते. बारावा हप्ता सराफ घालतो, तो घडणावळीतून वसूल होणार हे गृहीत धरावे. आमच्या बाबतीत तो अशा दागिन्यांवरच वळता करता येत होता, ज्यांची घडणावळ सर्वांत जास्त होती. सध्याचा तह असा आहे: सासूबाईंसाठी वर्षातून एकदा, पाडव्याला, एक ग्रॅमचे नाणे, तेही हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक बघून. आणि दसऱ्याला आपट्याची पाने, जी अजून विनामूल्य आहेत.

एक जानेवारीला मी कोणताही संकल्प करत नाही. या महिन्यात कार्यालयातून गुंतवणुकीचे पुरावे मागितले जातात, तेवढेच या नव्या वर्षाचे आर्थिक महत्त्व. पुरावे दिले नाहीत तर फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून उरलेला कर एकदम कापला जातो, आणि तो कापला जातो तेव्हाच सणाची बिलेही येऊन उभी असतात. या घाईत माझ्या समोर बसणाऱ्या सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी कुणा ओळखीच्या एजंटाकडून वीस वर्षे हप्ते भरायची विमा पॉलिसी घेतली, केवळ दीड लाखाची वजावट पूर्ण करण्यासाठी. यंदा त्यांच्या लक्षात आले की, नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही आणि पगारदाराचे वार्षिक उत्पन्न पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर या प्रणालीत चालू वर्षी कर शून्यच आहे. वीस वर्षांचा निर्णय वीस मिनिटांत घेतला गेला आणि त्याचे कारण आता उरलेले नाही. जानेवारीत घेतलेली पॉलिसी मी मनातल्या मनात सवलतीत घेतलेल्या साडीच्या रकान्यात टाकते.

खरे सरकारी नववर्ष 1 एप्रिलला. हिंदुस्थानात ही पद्धत इंग्रजांनी 1867 मध्ये आणली आणि आपण ती तशीच ठेवली. या नववर्षाचे माझे एकच व्रत आहे: पीपीएफचे पैसे 5 एप्रिलच्या आत भरणे. पीपीएफमध्ये महिन्याचे व्याज 5 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. वर्षाचे दीड लाख एकरकमी भरणाऱ्याने 6 एप्रिलला भरले, तर 7.1 टक्के दराने एका महिन्याचे जवळजवळ 890 रुपये गेले. गेल्या वर्षी बोनस तसाच बाजूला ठेवला होता तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इथे गेला. "बोनस गेला कुठे" या प्रश्नाला माझ्या आयुष्यात प्रथमच लेखी उत्तर मिळाले.

प्रवासाचा खर्च मात्र अजून माझ्या आवाक्यात आलेला नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होते. यंदा 11 सप्टेंबरच्या शुक्रवारी कोकणात निघायचे तर 13 जुलैच्या सकाळी संगणकासमोर बसावे लागेल आणि बसूनही तिकीट मिळेलच असे नाही. मग उरते खासगी बस. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये, असा 2018 चा शासन निर्णय आहे. गणपतीच्या आदल्या रात्री तो कुणाला दाखवायचा, हा प्रश्नच आहे. वहीत प्रवासाच्या ओळीपुढे मी दोन आकडे लिहिते, रेल्वे मिळाली तर आणि न मिळाली तर, आणि हप्ता काढताना दुसरा धरते.

यंदाच्या वहीत एक ओळ नवीन आहे: अधिक मास. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, 33 अनारसे देतात, ऐपत असेल त्याप्रमाणे चांदीचे निरांजन किंवा ताम्हन देतात. आमच्या घरात जावई म्हणजे माझे पती, आणि खर्च करणार माझी आई, जी पेन्शनवर एकटी साताऱ्यात राहते. मी संक्रांतीआधी तिला फोन करून सांगितले की, यंदा हे काही करू नकोस, आम्हीच येऊ आणि बाहेर जेवू. ती म्हणाली, "अधिक महिना तीन वर्षांनी येतो, तुझ्या वहीला विचारून येत नाही." मग तिने जे सांगितले ते मला आजवर ठाऊक नव्हते. मागचा अधिक श्रावण 16 ऑगस्ट 2023 ला संपला, त्या सप्टेंबरपासून ती दर महिन्याला 200 ची एक नोट लाडवाच्या जुन्या डब्यात टाकते आहे. या अधिक मासापर्यंत बरोबर 33 नोटा होणार. सध्या 29 आहेत.

हिशेब बरोबर होता, फक्त चांदीने घात केला. डबा सुरू झाला तेव्हाच्या मानाने चांदीचा भाव आता तिपटीच्या आसपास गेला आहे आणि 6,600 रुपयांत तिच्या मनातले निरांजन बसत नाही. मी उरलेले पैसे घालते म्हणाले, तर तिने साफ नकार दिला. जावयाचे वाण लेकीच्या पैशांनी द्यायचे, ही गोष्ट तिच्या कुठल्याच खात्यात बसेना. शेवटी तिने विचारले, "पितळेचं चाललं तर बघ विचारून जावईबापूंना." मी विचारले. ते म्हणाले, चालेल, पण अनारसे 33 च्या वर मिळतील का ते विचार.